बॉडी टाइपनुसार डाएट आणि व्यायाम आखून देणारी ॲप्स: पैसे भरण्याआधी काय तपासावं

या ॲप्सची पद्धत एव्हाना ठरून गेली आहे. सुरुवातीला दहा-पंधरा प्रश्न येतात: मनगटाभोवती अंगठा आणि मधलं बोट जुळतं का, वजन पटकन वाढतं का, खांदे रुंद की कंबर रुंद. मग तुम्ही एक्टोमॉर्फ (सडपातळ), मेसोमॉर्फ (पिळदार) की एंडोमॉर्फ (गोलसर) ते कळतं, आणि त्या शिक्क्यावर बेतलेली आठ किंवा बारा आठवड्यांची योजना पैसे भरल्यावर उघडते. काही ठिकाणी सोबत चरबी मोजणारा वजनकाटाही घ्यायला सांगतात.

आमचं मत आधीच सांगतो. या योजनांमधला बराचसा सल्ला उपयोगी आहे, पण तो शिक्क्यामुळे उपयोगी नाही. माणसामाणसांतला फरक खरा आहे आणि मोठा आहे. फक्त तो तीन खणांत बसत नाही आणि प्रश्नावलीतून कळत नाही. तो कळतो तुमच्या शरीराने दोन-चार आठवडे दिलेल्या प्रतिसादावरून. म्हणून योजना निवडताना एकच गोष्ट बघा: ती हा प्रतिसाद मोजते का, आणि मोजल्यावर बदलते का.

शिक्का कसा ठरतो

एक्टो-मेसो-एंडो ही वर्गवारी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये मांडली. फोटोंवरून प्रत्येक माणसाला तिन्ही बाबतींत १ ते ७ गुण द्यायचे, अशी ती पद्धत होती. अंगकाठीवरून स्वभाव ओळखता येतो, असा शेल्डन यांचा दावा होता आणि तो पुढे टिकला नाही. पण त्यांच्याही मांडणीत कोणी निव्वळ 'एक्टोमॉर्फ' नसे. प्रत्येकाला तीन आकडे मिळत.

पुढे बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी १९६७ मध्ये ती पद्धत मोजमापांवर आणली, आणि क्रीडाविज्ञानात आज तीच वापरली जाते. तिला दहा मापं लागतात: उंची, वजन, चार ठिकाणची त्वचेची घडी (दंडाची मागची बाजू, खवाट्याखाली, कमरेच्या हाडाच्या वर पुढच्या बाजूला आणि पोटरी), कोपर आणि गुडघ्याच्या हाडांची रुंदी, आवळलेल्या दंडाचा घेर आणि पोटरीचा घेर. घडी मोजायला कॅलिपर (जाडी मोजणारा चिमटा) लागतो. चिमटीपासून एक सेंटिमीटरवर त्याचे जबडे टेकवायचे, दोन सेकंद थांबून आकडा वाचायचा आणि प्रत्येक जागा किमान दोनदा मोजायची. चिमटीची जागा एक-दीड सेंटिमीटरने सरकली तरी माप बदलतं, त्यामुळे सराव नसलेल्या हातांनी काढलेल्या मापांवर विसंबू नये. एवढं सगळं करून माणूस तेरा गटांपैकी एकात बसतो, आणि बहुतेक गट मिश्र आहेत.

यातला सडपातळपणाचा आकडा घरी काढता येतो, आणि तो काढून बघाच. उंचीला (सेंटिमीटरमध्ये) वजनाच्या (किलोमध्ये) घनमुळाने भागा. उत्तर ४०.७५ किंवा जास्त आलं तर त्याला ०.७३२ ने गुणून २८.५८ वजा करा. उत्तर ३८.२५ ते ४०.७५ च्या मध्ये आलं तर ०.४६३ ने गुणून १७.६३ वजा करा. आता १७० सेंटिमीटर उंचीचा एकच माणूस घ्या. वजन ६० किलो असताना त्याचा आकडा ३.२ येतो, ७० किलोला १.६ आणि ८० किलोला ०.६. हाडं तीच, उंची तीच. २० किलोच्या फरकात तो मध्यम सडपातळ माणसापासून सडपातळपणाचा मागमूस नसलेल्या माणसापर्यंत पोचला. म्हणजे हा आकडा तुमची आजची ठेवण सांगतो, जन्माची नाही. ॲप मात्र त्यालाच 'तुमचं मूळ शरीर' म्हणतं आणि पुढची सगळी योजना त्यावर रचतं.

काही ॲप्स याच प्रश्नावलीत वात-पित्त-कफ प्रकृतीही मिसळतात. त्या विचाराची स्वतःची परीक्षापद्धत आहे आणि ती दहा खुणांवर उरकत नाही. दोन वेगळ्या पद्धती एकत्र कालवून आलेल्या निकालाला दोन्हींपैकी कोणत्याच बाजूने आधार उरत नाही.

प्रश्नावलीतला सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे 'खाल्लेलं अंगी लागतं का?' हा प्रश्न. आपण किती खातो याचा आपला अंदाज फार चुकतो. १९९२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लोकांचं खाणं आणि ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजला. त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांच्या चयापचयात दोष सापडला नाही. हे लोक खोटं बोलत नव्हते. तळणाचं तेल, चाखून बघितलेले घास, चहासोबत तोंडात टाकलेलं काहीबाही कोणाच्याच लक्षात राहत नाही. 'कितीही खाल्लं तरी जाड होत नाही' म्हणणाऱ्यांच्या बाबतीत हिशेब बहुधा उलटा चुकतो: एक जेवण भरपूर होतं आणि पुढची दोन निम्म्यावर येतात.

फरक खरा आहे, हेही तितकंच पक्कं

१९९० मध्ये क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना आठवड्याचे सहा दिवस रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. असे एकूण ८४ दिवस. वजन सरासरी ८.१ किलोने वाढलं, पण कोणाचं ४.३ किलोने तर कोणाचं १३.३ किलोने. एकाच जोडीतल्या दोघा भावांची वाढ मात्र बरीच जुळती होती. म्हणजे प्रवृत्ती उपजत असते. १९९९ मध्ये जेम्स लेव्हाइन यांच्या गटाने १६ जणांना आठ आठवडे असंच जास्तीचं खायला दिलं, तेव्हा चरबीतली वाढ ०.३६ किलोपासून ४.२३ किलोपर्यंत पसरलेली होती. ज्यांची कमी वाढली ते लोक नकळत जास्त हालचाल करू लागले होते: उभं राहणं, येरझाऱ्या, चुळबुळ. व्यायामाचंही तसंच. कॅनडा-अमेरिकेतल्या 'हेरिटेज' अभ्यासात सगळ्यांनी वीस आठवडे एकसारखा सायकलचा व्यायाम केला. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता मिनिटाला एक लिटरहून जास्त वाढली, काहींची जवळजवळ जागेवरच राहिली.

हे फरक मनगटाच्या जाडीवरून आधी सांगता येत नाहीत. जनुकांवरूनही अजून नीट जमत नाही. स्टॅनफर्डमधल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या २०१८ च्या प्रयोगात ६०९ जणांनी वर्षभर कमी फॅटचा किंवा कमी कार्बचा आहार घेतला. सरासरी ५.३ आणि ६.० किलो वजन उतरलं. कोणाला कोणता आहार मानवेल हे ना जनुकांच्या ठरावीक रचनेवरून कळलं, ना इन्सुलिनच्या प्रतिसादावरून. दोन्ही गटांत काहींचं वजन भरपूर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं.

आहाराचा भाग: टक्केवारीत अडकलेला

बहुतेक योजना एकच साचा देतात. एक्टोमॉर्फला कार्ब ५५, प्रोटीन २५, फॅट २० टक्के. मेसोमॉर्फला ४०-३०-३०. एंडोमॉर्फला २५-३५-४०. टक्केवारी ग्रॅममध्ये उतरवली की तिचं खरं रूप दिसतं.

६० किलोच्या 'एक्टोमॉर्फ'ला वजन वाढवण्यासाठी २,४०० कॅलरी दिल्या, तर २५ टक्के प्रोटीन म्हणजे १५० ग्रॅम, किलोमागे २.५ ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं; त्यापुढे स्नायूंना मिळणारा फायदा सरासरीने थांबतो. ज्याला भूकच कमी लागते त्याच्या ताटात इतकं प्रोटीन भरलं की पोट लवकर भरतं, कॅलरी पूर्ण होत नाहीत आणि वजन हलत नाही. इथे योजना स्वतःच्याच उद्देशाच्या आड येते. याला ९५ ते १०० ग्रॅम प्रोटीन द्यावं आणि उरलेल्या कॅलरी पातळ, कमी जागा घेणाऱ्या पदार्थांतून भराव्यात: दूध, दही, सुका मेवा, वरून घातलेलं तेल.

उलट ९० किलोच्या 'एंडोमॉर्फ'ला १,६०० कॅलरींत ३५ टक्के म्हणजे १४० ग्रॅम प्रोटीन मिळतं, किलोमागे दीड ग्रॅमच्या वर. हे बरोबर आहे. कमी कॅलरींत भरपूर प्रोटीन असलं की भूक आवरते आणि स्नायू टिकतात. योजनेचा हा भाग लागू पडतो म्हणून लोकांना वाटतं शिक्का बरोबर होता. तोच आहार दुसऱ्या शिक्क्याच्या ९० किलोच्या माणसानेही पाळला तर त्याचंही वजन उतरेल. याच साच्यात कार्ब फक्त १०० ग्रॅम उरतात. तेवढ्यात धान्य, कडधान्य आणि फळं बसवताना तंतू कमी पडतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून बद्धकोष्ठाच्या तक्रारी सुरू होतात. कार्ब कमी करायचेच असतील तर आधी साखर आणि मैदा काढावा, पालेभाजी आणि डाळींना हात लावू नये.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले की ॲप शाबासकीचा संदेश पाठवतं. ते बहुतांश पाणी असतं. शरीरात साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (कार्बचा शरीरातला साठा) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. कार्ब घटवले की दोन्ही जातात, आणि एखाद्या नेहमीच्या जेवणानंतर परत येतात. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबल्यासारखा दिसतो तेव्हा बरेच लोक इथेच सोडतात. चरबी मात्र त्या काळात ठरल्या गतीने उतरतच असते.

कॅलरींचा आकडा ॲप कुठून आणतं हेही बघा. चांगली ॲप्स १९९० चं मिफ्लिन–सेंट जोर सूत्र वापरतात: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषांसाठी अधिक ५, स्त्रियांसाठी वजा १६१. ३५ वर्षांच्या, ७० किलो, १७० सेंटिमीटर पुरुषासाठी हे सुमारे १,५९० येतं. मग हालचालीचा गुणक लागतो. 'हलकी' हालचाल निवडली तर १.३७५, म्हणजे साधारण २,१९०. 'मध्यम' निवडली तर १.५५, म्हणजे २,४७०. एका टिचकीत २८० कॅलरींचा फरक पडला, आणि वजन उतरवायला रोज जेवढी तूट ठेवायची त्याचा निम्म्याहून मोठा भाग तेवढ्यातच जातो. दिवसभर खुर्चीत बसून तासभर व्यायाम करणाऱ्याने 'हलकी' निवडावी. घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी ॲप वरून पुन्हा 'खायला' देत असेल तर ती सोय बंद करावी, कारण तोच व्यायाम दोनदा मोजला जातो.

व्यायामाचा भाग: सगळ्यांत जास्त नुकसान इथेच

'एंडोमॉर्फ'ला हलकी वजनं, वीस-वीस रेप्स (एकाच हालचालीच्या आवृत्त्या) आणि रोज पाऊण तास कार्डिओ (धावणं, सायकल असा दम लावणारा व्यायाम). 'एक्टोमॉर्फ'ला कार्डिओ पूर्ण बंद. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. वजन उतरवताना स्नायूंना जड काम मिळालं नाही तर उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूही जातात. आणि काटकुळ्या माणसालाही हृदय असतंच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस सगळ्या प्रौढांसाठी एकच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा.

सेट्सचा (न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी म्हणजे एक सेट) हिशेबही शिक्क्याप्रमाणे बदलत नाही. एका स्नायूगटाला आठवड्यात दहाच्या आसपास सेट, दोन दिवसांत विभागून. सहा ते बारा रेप्सचं वजन घ्यावं, शेवटी आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या इतपत दमावं. बाराही रेप्स सगळ्या सेट्समध्ये नीट निघाल्या की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवावं. अगदी नवख्याने निम्म्या सेट्सपासून सुरुवात करावी.

शरीराची ठेवण जिथे खरोखर महत्त्वाची ठरते ती जागा म्हणजे हातापायांची लांबी, आणि नेमकी तीच ही ॲप्स विचारत नाहीत. मांडीचं हाड लांब आणि धड आखूड असेल तर पाठीवर बार घेऊन स्क्वॉट (बैठका) करताना माणूस पुढे झुकतोच. तोल पायाच्या मध्यावर राखायला दुसरा मार्ग नसतो. व्हिडिओतला प्रशिक्षक 'छाती वर ठेवा' म्हणत राहतो, आणि तसं करायला गेलं की टाचा उचलतात किंवा कंबर गोल होते. त्याने टाचांखाली दीड-दोन सेंटिमीटरची पाचर ठेवावी, पाय थोडे जास्त फाकून पावलं बाहेर वळवावीत आणि वजन पाठीऐवजी छातीशी धरावं. पुढे धरलेल्या वजनाने धड आपोआप सरळ राहतं. हात आखूड आणि धड लांब असेल तर डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उभं राहत उचलताना, कमरेला फार वाकावं लागतं. बार दहा-पंधरा सेंटिमीटर उंच ठोकळ्यांवर ठेवून उचलला की प्रश्न सुटतो. लांब हातांच्या माणसाला बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणं पडून बार वर ढकलताना) बार बराच खाली न्यावा लागतो आणि खांद्याची पुढची बाजू दुखते. त्याने जमिनीवर पाठ टेकून डंबेल प्रेस करावा, कोपर जमिनीला लागलं की थांबावं.

वजन जास्त असेल तर धावण्याचा कार्यक्रम पहिल्या दिवसापासून नको. गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड व्यक्तींवरच्या २००५ च्या एका अभ्यासात, वजन एक किलोने कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो असं आढळलं. वजन थोडं उतरेपर्यंत चढावरचं चालणं, सायकल किंवा पोहणं ठीक. जमिनीवरच्या जोरांऐवजी हात टेबलाच्या कडेवर टेकवून जोर मारावेत आणि ताकद येईल तशी टेकण्याची उंची उतरवत न्यावी.

सोबतचा वजनकाटा

पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून हा काटा अगदी सौम्य वीजप्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात सोडतो आणि अडथळा मोजतो. त्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून चरबीविरहित भाराचा आणि वजाबाकीने चरबीचा. प्रवाह मुख्यतः पायांतून आणि ओटीपोटाच्या खालच्या भागातून जातो, त्यामुळे पोटावरच्या चरबीचा आकडा बराचसा सूत्रातून येतो. ७० किलो आणि २० टक्के चरबी दाखवणाऱ्या माणसाने अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच पुन्हा पाय ठेवला, तर पायांतला अडथळा फारसा बदलत नाही, वजन मात्र वाढतं. ते पाणी बहुतेक चरबीच्या खात्यात पडून आकडा २०.६ च्या आसपास जाऊ शकतो. कोरड्या, भेगा पडलेल्या टाचा आणि नुकताच केलेला व्यायाम यांनीही आकडा हलतो. पेसमेकर असलेल्यांनी हा काटा वापरू नये.

वापरायचाच तर सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तळवे किंचित ओले करून वापरा, आणि एका आकड्याऐवजी महिन्याचा कल बघा. पोटाच्या चरबीसाठी साधी टेप जास्त भरवशाची. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर माप घ्या. ते उंचीच्या निम्म्याहून कमी हवं.

कोणती योजना घ्यावी

चांगली योजना पहिले चौदा दिवस तुमच्या खाण्याची नोंद घेते, रोजचं वजन घेऊन सात दिवसांची सरासरी काढते, आठवड्याला कंबर मोजायला लावते. मग बदल करते. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला शरीरभाराच्या अर्धा ते एक टक्का हा वेग ठीक. वाढवायचं असेल तर पाव ते अर्धा टक्का. त्याहून हळू चाललं तर रोजच्या खाण्यात १५० ते २०० कॅलरींचा फरक करून पुन्हा दोन आठवडे थांबायचं. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये पाळीच्या आसपास पाणी साठतं, म्हणून त्यांच्यासाठी आठवड्याची आठवड्याशी तुलना न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करायला हवी. ही सोय असलेली ॲप्स मोजकीच आहेत, पण ती शोधून घेण्यासारखी आहेत.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कार्ब एकदम कमी केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण ठरवून घेतल्याशिवाय असा आहार सुरू करू नये. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, खाण्याशी निगडित मानसिक आजाराचा इतिहास यांतही अशी तयार योजना नको. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर 'मी एक्टोमॉर्फच आहे' म्हणून सोडून न देता आधी तपासणी करून घ्यावी.

फुकट चाचणीचा काळ असेल तर एक प्रयोग करा. सगळी उत्तरं तीच ठेवून फक्त वजनात दहा किलोंचा फरक करून प्रश्नावली पुन्हा भरा, आणि एकदा वजन तेच ठेवून मनगटाचं उत्तर बदला. पहिल्या बदलाने कॅलरी आणि प्रोटीनचे आकडे हलायला हवेत, दुसऱ्याने नकोत. नंतर तिसऱ्या आठवड्याच्या वेळापत्रकात डोकावा. त्यात तुमच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी विचारल्या नसतील आणि आहार आधीपासून छापून तयार असेल, तर आपोआप होणारं नूतनीकरण बंद करून सदस्यत्व रद्द करा.